वर्गात शिरणारा द्वेष : नगर जिल्ह्याच्या अनुभवातून

जामखेड तालुक्यातले चौंडी हे अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव. आता अख्ख्या जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले आहे. त्याच तालुक्यातले खर्डा हे गाव १७९५च्या मराठे-निजाम लढाईमुळे इतिहासाच्या पुस्तकात आले. २८ एप्रिल २०१४ रोजी मात्र ते वेगळ्याच कारणाने देशभर पोहोचले. तिथे शिकणाऱ्या १७ वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. वरच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीशी तो बोलत असे, हे त्यामागचे कारण सांगितले गेले. मारहाणीची सुरुवात शाळेच्या आवारातच झाली, असा आरोप होता. नोव्हेंबर २०१७मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. अनेक साक्षीदार खटल्यात फितूर झाले होते.

कट्टरता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दूरदेशीच्या संघटना आणि बॉम्ब येतात. नगर जिल्ह्यात ती जवळच्या वाटेने येते. ती भावकीच्या चर्चेतून येते, मिरवणुकीतल्या घोषणांतून येते आणि मोबाइलवरच्या स्टेटसमधून येते. ती शाळेच्या फाटकातून आत येते तेव्हा शाळेने काय करायचे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

द्वेष पिकतो कसा

एखादे मत ठाम असणे वेगळे आणि कट्टरता वेगळी. समोरचा माणूस माणूस म्हणून दिसेनासा होतो, तो फक्त ‘त्यांच्यातला’ उरतो आणि त्याला इजा करणे हे कर्तव्य वाटू लागते, तेव्हा कट्टरता सुरू होते. कोवळ्या वयात तिथवर पोहोचायला साधारण तीन गोष्टी लागतात : मनात सल, त्या सलाला कोणीतरी दिलेले सोपे स्पष्टीकरण आणि पाठीवर हात ठेवणारी टोळी.

यातला सल बहुधा खरा असतो, हे विसरून चालत नाही. जुलै २०१६मध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. त्यानंतर राज्यभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले. पुढच्या वर्षी तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. दुःख खरे होते, संतापही खरा होता. पण दोषी ठरले तिघे आणि पारावर बोलणे झाले दोन जातींचे. तिघांच्या गुन्ह्याचा भार त्यांच्या अख्ख्या समाजावर टाकणारे जे स्पष्टीकरण त्या काळात फिरत होते, तेच दुसऱ्या दिवशी दहावीच्या बाकावरही येऊन बसले असणार.

पहारेकरी शाळा

इंग्लंडने यावर कायद्याचा उपाय केला. २०१५च्या दहशतवादविरोधी कायद्याने शाळांवर कर्तव्य टाकले की, कट्टरतेकडे झुकणारे मूल हेरावे आणि गरज पडल्यास यंत्रणेला कळवावे. हेतू चांगला होता आणि काही मुलांना वेळेवर मदतही मिळाली. पण २०१६मध्ये ल्युटनमधल्या चार वर्षांच्या मुलाची बातमी गाजली. त्याने चित्र काढले होते काकडी चिरण्याचे. ‘क्युकंबर’ हा शब्द त्याच्या बोबड्या उच्चारात ‘कुकर बॉम्ब’ असा ऐकू आला आणि त्याला या कार्यक्रमाकडे पाठवण्याची गोष्ट निघाली. शिक्षक पहारेकरी झाला की मुले त्याच्यासमोर बोलायची थांबतात. जे वर्गात बोलता येत नाही, ते मग बाहेर टोळीत बोलले जाते.

आपल्याकडे २०२३च्या मे-जूनमध्ये हेच वेगळ्या रूपात दिसले. शेवगावात मिरवणुकीवरून दंगल झाली, संगमनेरजवळ समनापूरला दगडफेक झाली, कोल्हापुरात स्टेटसवरून बंद आणि लाठीमार झाला. कोल्हापूरच्या स्टेटसप्रकरणी ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांत अल्पवयीन मुलेही होती.

बालन्याय कायदा इथे शहाणपणाचा आहे. अतिगंभीर गुन्हा नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल, तर मुलावर एफआयआर नोंदवायचा नाही, असे त्याचे नियम सांगतात. उलट बेकायदा कामासाठी मुलांना वापरणाऱ्या प्रौढांना कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. बटण दाबणारा पोरगा आणि त्याच्या हाती मजकूर देणारा माणूस यांत कायदा फरक करतो. समाज तो क्वचितच करतो.

एका पंगतीचा धडा

शाळेकडे पहाऱ्याहून जुने आणि खात्रीचे साधन आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले. तिथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंगतीत जेवत. १९२७मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. पुढे रयत शिक्षण संस्थेच्या शाळा नगर जिल्ह्यातही गावोगाव पोहोचल्या.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४मध्ये पूर्वग्रह कमी होण्याच्या चार अटी मांडल्या : बरोबरीचा दर्जा, समान ध्येय, एकमेकांवाचून अडेल असे काम आणि वडीलधाऱ्या व्यवस्थेचा स्पष्ट पाठिंबा. कर्मवीरांच्या बोर्डिंगात या चारही अटी तीस वर्षे आधीच पाळल्या जात होत्या. नुसते एका छपराखाली बसवल्याने काही होत नाही, हेही यातून कळते. खर्ड्यातही मुले एकाच शाळेत होती. बाके वस्तीप्रमाणे वाटली गेली, पोषण आहाराच्या पंगतीत आपापले गट पडले आणि शिक्षकांनी ते पाहून न पाहिल्यासारखे केले, तर शाळा गावाचीच नक्कल होते.

इतिहासाचा तास

दुसरे साधन इतिहासाचे, आणि त्यात हा जिल्हा श्रीमंत आहे. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचे वडील मूळचे पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातले. मालोजीराजांनी शाह शरीफ या नगरच्या पिराच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा सांगितली जाते. औरंगजेब १७०७मध्ये नगरलाच मेला. मराठ्यांना संपवायला आलेला बादशहा ते काम अपुरे ठेवून गेला. १९४२ नंतर याच शहराच्या किल्ल्यात नेहरू आणि मौलाना आझाद एकत्र कैदेत होते. ज्या मुलाला हे सारे ठाऊक आहे, त्याला दोन ओळींच्या स्टेटसवर भडकवणे अवघड जाते, कारण इतिहास दोन ओळींत मावत नाही, हे त्याने पाहिलेले असते.

शिक्षकाने करायचे काय

शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सांगते की, अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांशी सुसंगत हवा आणि मुलाला निर्भयपणे मत मांडता यायला हवे. रोजच्या परिपाठात उद्देशिका वाचली जाते. त्यातला ‘बंधुता’ हा शब्द मात्र शिक्षक काय करतात, यावरूनच मुलांना कळतो.

विद्वेषी मजकूर पसरवणारा मुलगा सापडला, तर त्याला सगळ्यांसमोर उभे करून काही साधत नाही. त्याला बाजूला घेऊन तीन गोष्टी विचाराव्यात : हे तुला कोणी पाठवले, तुला यात खरे काय वाटले, आणि तुझ्या वर्गातल्या अमक्याला हे वाचून काय वाटेल? मग घरी जाऊन आईवडिलांशी बोलावे. मात्र धमकी, हत्यार किंवा मारहाणीचा बेत कानावर आला, तर समजूत घालत बसायचे नाही. मुख्याध्यापक, पालक, १०९८ ही बालमदत वाहिनी आणि पोलिस यांना त्याच दिवशी कळवायचे. इथे संरक्षण हवे असते ते ज्याच्यावर बेत आहे त्या मुलाला. कट्टरतेची चर्चा करताना आपण बिघडणाऱ्या मुलाचाच विचार करतो आणि मारल्या जाणाऱ्या मुलाला विसरतो.

हे सगळे ज्या शिक्षकाने करायचे, तो त्याच गावात राहतो. त्याचीही जात असते, त्यालाही बदलीची आणि पुढाऱ्याची भीती असते. तो एकटा असेल तर तो गप्पच बसेल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. अशा वेळी त्यांनी शिक्षकाच्या मागे उभे राहायचे असते. साक्षीदार न्यायालयात फितूर होतो, तेव्हा त्याची सुरुवात बरीच आधी, वर्गात ऐकूनही न ऐकल्यासारखे करण्यापासून झालेली असते.