जुनी मोटार : इंधन, वंगण आणि प्लग



जुन्या मोटारीची निगा राखणे म्हणजे बाजारातील सर्वांत महाग जिन्नस तिच्या पोटात घालणे, अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नव्हे. ज्या काळी ते इंजिन घडले, त्या काळचा आहार त्याला मानवतो. आणि तो आता मिळत नसेल, तर नव्या आहारास सोसेल अशी तजवीज करावी लागते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी आता बनत नाही. अँबॅसडरचे उत्पादनही २०१४ साली थांबले. आदिलाबाद जिल्ह्यात ज्यांनी अशी गाडी जपली आहे, त्यांनी इथली हवाही ध्यानी घ्यावी. इथला उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो आणि तेलंगणातील कडाक्याची थंडीही इथेच पडते.

प्रथम इंधन. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली अवेळी पेट न घेण्याचा तो गुण आहे. जुन्या इंजिनात दाब मुळातच कमी असतो. एके काळी ८७ ऑक्टेनवर चालणाऱ्या या गाड्यांना आजचे साधे पेट्रोलही पुरून उरते. तेव्हा महागड्या पेट्रोलने त्यांचा जोर वाढत नाही. निर्मलकडील महबूब घाट चढताना इंजिन खडखडू लागले, तर आधी ठिणगीची वेळ तपासावी.

खरी चिंता निराळी आहे. २००० साली देशभर पेट्रोलमधील शिसे गेले. त्या शिशाने झडपांच्या बैठकी झिजण्यापासून वाचत असत. म्हणून आता टॅपेटचे अंतर वरचेवर पाहावे. पुढे इथेनॉल आले, आणि २०२५ पासून पंपांवर बहुधा २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, टाकीतील जुना गाळ सोडवते आणि जुन्या रबराला फुगवून ठिसूळ करते. इंधनाची नळी तडकून तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकले, तर गाडीसह माणसाच्याही जिवावर बेतते. यास्तव इंधनाच्या सर्व नळ्या, पंपाचा पडदा व कार्ब्युरेटरची रबरे इथेनॉल सोसणारी बसवावीत. सुरुवातीस फिल्टर लवकर बदलावा. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये.

आता वंगण. डब्यावर २०डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. त्यातील पहिला आकडा थंडीतील वाहतेपणा सांगतो, दुसरा तापल्यावरचा दाटपणा. नव्या गाड्यांचे ०डब्ल्यू-२० सारखे पातळ तेल जुन्या इंजिनाच्या सैल झालेल्या भागांत टिकत नाही. त्याचा दाब उतरतो. आपल्या हवेत २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० बहुधा योग्य ठरते. तरी अखेरचा शब्द गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेचा. जुन्या टॅपेटांना जस्त व फॉस्फरसयुक्त वंगण अधिक मानवते. गाडी फारशी फिरत नसली, तरी वर्षातून एकदा तेल बदलावेच. काढलेले तेल मात्र नाल्यात वा शेतात ओतू नये.

शेवटी प्लग. प्लग गरम किंवा थंड असतो, म्हणजे आपली उष्णता तो सावकाश सोडतो किंवा झटकन. इथे एक गफलत होते. बॉश कंपनीच्या प्लगवर आकडा चढतो तसा प्लग गरम होतो. एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा चढतो तसा तो थंड होतो. म्हणून कंपनी बदलताना आकडा तसाच न घेता समतुल्य क्रमांक मागावा. आट्यांची लांबीही जुळलीच पाहिजे. प्लग लांब पडला तर दट्ट्यावर आदळतो.

जुना प्लग फेकण्यापूर्वी त्याचे तोंड न्याहाळावे. फिकट तपकिरी असेल, तर सारे ठीक आहे. कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जाते आहे. तेलकट काळे असेल, तर रिंगा किंवा झडपांचे गाईड झिजले आहेत. पांढरे पडले असेल, तर मिश्रण पातळ आहे आणि इंजिन अति तापते आहे. इथेनॉलने मिश्रण पातळच होते. अशा वेळी जाणत्या मिस्त्रीकडून कार्ब्युरेटरचा जेट बदलून घ्यावा.

तात्पर्य, गाडीची पुस्तिका वाचावी, इंधनाच्या नळ्या तपासाव्यात आणि प्लगचे तोंड पाहावे. एवढे केले, तर महाग पेट्रोलवरचा खर्च तर वाचेलच, शिवाय भर उन्हात रस्त्यावर अडकण्याची वेळही सहसा येणार नाही.