गाडी कोणाच्या नावावर आहे?

रात्री पावणेबाराला भाच्याचा फोन आला. "मामा, ठाण्यात ये ना. बाबांना सांगू नकोस."

वय साडेसतरा. विजयनगरला मित्राचा वाढदिवस आहे म्हणून संध्याकाळी माझी स्कूटर मागायला आला आणि मी किल्ली दिली. आपल्या इंदूरमध्ये अकरावी-बारावीची पोरं गाडीवर फिरतातच, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

नाक्यावर तपासणी चालू होती. यंत्रात फुंकायला लावलं आणि आकडा वर गेला. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल, ही कायद्याची मर्यादा. "दोनच ग्लास बिअर होती," म्हणे. (मध्य प्रदेशात 21 वर्षांच्या आतल्याला दारू विकायलाच बंदी आहे. ती आली कुठून, हे अजून त्याने सांगितलेलं नाही.)

दारू पिऊन गाडी चालवली तर पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, एवढं मला ठाऊक होतं. दंड भरू आणि पोराला घरी नेऊ, अशा तयारीने गेलो होतो. साहेबांनी पहिलाच प्रश्न केला, "गाड़ी किसके नाम पे है?"

माझ्या.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 199अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड. गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द. मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, शिकाऊसुद्धा नाही. आपल्या नकळत गाडी नेली, हे सिद्ध केलं तर मालक सुटतो. मी तर हातात किल्ली दिली होती. अपघात झाला असता, तर विमा कंपनीने भरपाई देऊन ती माझ्याकडून वसूल केली असती.

"पोरांना काय, निबंध लिहून सुटतात," असं आमच्या ऑफिसात अजून म्हणतात. 2024 मध्ये पुण्यात पोर्शेखाली आपल्या मध्य प्रदेशातले दोन तरुण इंजिनीअर गेले, तेव्हा 17 वर्षांच्या मुलाला जामिनाच्या अटीत 300 शब्दांचा निबंध होता, ते खरं. पण त्याच प्रकरणात त्याच्या वडिलांनाही अटक झाली, हे लोक विसरतात.

अठरा पूर्ण झालेल्यांनी तर खुश व्हायचं कारणच नाही. अल्पवयीनाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं आणि पुढे त्याची नोंद सहसा नष्ट करतात. अठराव्या वाढदिवसानंतर थेट कोर्ट, आणि नोंद कायम.

ताईला मी पहाटे सांगितलं. ती मला काहीच बोलली नाही, भाच्याला मात्र बरंच. तो आता सिटी बसने क्लासला जातो. मंडळापुढे त्याची तारीख सोमवारी, कोर्टात माझी गुरुवारी.