सुरकुतलेल्या दाण्यातही जीव असतो

मधुमक्याच्या बियाण्याची पिशवी पहिल्यांदा फोडणाऱ्याला हमखास वाटते, की बी पोचट निघाले. दाणे चपटे, सुरकुतलेले, हाताला हलके. पण ते तसेच असायला हवेत. साध्या मक्याच्या दाण्यात साखरेचा स्टार्च बनतो. मधुमक्यात एका जनुकातल्या बदलामुळे हे काम अडते, साखर साचून राहते आणि वाळताना दाणा आक्रसतो.

हा बदल प्रयोगशाळेत घुसवलेला आहे, असेही सर्रास बोलले जाते. तो निसर्गात आपोआप झालेला आहे. अमेरिकेतल्या इरोक्वाय लोकांकडचा गोड मका १७७९मध्ये युरोपीय वसाहतवाल्यांच्या हाती लागला, तेव्हा जनुकशास्त्राचा जन्मही झाला नव्हता. भारतात तर जनुकीय सुधारित मक्याच्या व्यावसायिक लागवडीला परवानगीच नाही.

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज मात्र वेगळा आहे: गोडीचे जनुक एकदा वाणात आणले, की काम फत्ते. चौथ्या गुणसूत्रावरचे ‘शुगरी-१’ हे जनुक घ्या. साध्या मक्याशी संकर केला, तर पहिल्या पिढीचे दाणे गुळगुळीत निघतात. त्या झाडांचे स्वपरागीकरण केले, की कणसातले साधारण पाव दाणे सुरकुतलेले मिळतात. इथवर गणित जुळते. ते दाणे पेरल्यावर बिघडते. एका कुळातले बहुतेक उगवतात, दुसऱ्या कुळातले मातीतच कुजतात किंवा रोप पिवळे पडून मरते. जनुक तेच, आयुष्य वेगळे. स्पेनमधल्या गॅलिसियातल्या मक्याच्या संशोधकांनी हे बारकाईने तपासले आहे: उत्परिवर्तित रोप जगेल की नाही, हे त्या एका जनुकावर ठरत नाही. इतर अनेक जनुकांचा थोडाथोडा हातभार लागतो आणि जागा किंवा हंगाम बदलला, की तो हातभारही बदलतो. निवड न करता असे मिश्र बियाणे पिढ्यान्‌पिढ्या पेरत राहिले, तर सुरकुतलेल्या दाण्यांचे प्रमाण घटत जाते.

म्हैसूरकडे या जागेच्या प्रश्नाला एक नाव आहे, केवडा. ज्वारीवरचा केवडा या पट्ट्यात मक्यावरही येतो आणि कोवळे रोप गाठतो. म्हणूनच म्हैसूरजवळच्या नागेनहळ्ळीच्या संशोधन केंद्रात मक्याचे वाण निवडताना केवड्याला तोंड देण्याची ताकद महत्त्वाची ठरली. थंड प्रदेशातला गोड मका आणून इथे नुसता टोकला, तर त्याच्या गोडीचा काय उपयोग? आधी इथल्या मातीत टिकणारे पालक हवेत, आणि प्रत्येक पिढीत दाण्याबरोबर उगवणही पाहायला हवी.

‘श्रंकन-२’ या जनुकाची जात आणखी नाजूक. तिची गोडी संशोधक जॉन लॉफनन यांनी १९५३मध्ये जगापुढे मांडली. तिच्या दाण्यात स्टार्चची शिदोरी फारच थोडी असते. ओल्या, गार जमिनीत दाण्यातून साखर पाझरते आणि तिच्यावर बुरशी पोसते. तेव्हा चिखलात किंवा खोल टोकण करू नये.

दोन्ही गोडच आहेत, मग या दोन जाती शेजारी लावल्या तर काय बिघडणार, असे वाटणे साहजिक आहे. पण दोन्हींतला दोष वेगवेगळ्या जनुकात असतो. एकीचा पराग दुसरीवर पडला, की दोघी एकमेकींची उणीव भरून काढतात आणि त्याच कणसात पिठूळ, बेचव दाणे भरतात. त्यांच्या फुलोऱ्यात निदान दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवा.