माणसे शेतीतच का थांबली?

देशाचा विकास होतो म्हणजे केवळ राष्ट्रीय उत्पन्न वाढते असे नव्हे. लोक कोणते काम करून पोट भरतात, हेही बदलत जाते. अर्थशास्त्रात व्यवसायांचे तीन विभाग मानले जातात. शेती, पशुपालन, मासेमारी हे प्राथमिक क्षेत्र. कारखानदारी व बांधकाम हे द्वितीयक. तर व्यापार, वाहतूक, शिक्षण, बँका आदी सेवा हे तृतीयक क्षेत्र होय. विकासाबरोबर मनुष्यबळ पहिल्या क्षेत्रातून दुसऱ्याकडे आणि पुढे तिसऱ्याकडे सरकते, असा सिद्धान्त ॲलन फिशर आणि कॉलिन क्लार्क यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मांडला.

त्यामागील कारण सरळ आहे. उत्पन्न दुप्पट झाले म्हणून कोणी दुप्पट भाकरी खात नाही. वाढीव पैसा आधी कापड, भांडी, वाहने यांवर आणि नंतर शिक्षण, औषधोपचार, प्रवास यांवर खर्च होतो. त्याच वेळी सुधारित बियाणे, सिंचन व यंत्रे यांमुळे तेवढेच धान्य कमी हातांनी पिकते. मोकळे झालेले हात कारखान्यांकडे वळतात. दक्षिण कोरियात १९६३ मध्ये साठ टक्क्यांहून अधिक कामकरी शेतीत होते. आता हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आहे.

भारतात मात्र उत्पन्न सरकले, माणसे मागे राहिली. १९५१ मध्ये सुमारे ७० टक्के कामकरी शेतीवर अवलंबून होते. २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार हे प्रमाण ४६ टक्के होते; राष्ट्रीय उत्पन्नातील शेतीचा वाटा मात्र जेमतेम १८ टक्के. याचा अर्थ, शेतीतील एका माणसामागे होणारे उत्पन्न इतर क्षेत्रांतील माणसाच्या सरासरी एक-चतुर्थांश भरते. चौघांच्या कामात सहा जण गुंतलेले असतात. हीच छुपी बेरोजगारी.

मधली पायरी कच्ची राहिली, हे याचे मुख्य कारण. कारखानदारीत जेमतेम ११ टक्के लोक सामावले. संगणक व वित्तसेवांनी उत्पन्न वाढविले. परंतु अल्पशिक्षितांना तेथे शिरकाव नाही. गाव सोडणाऱ्याच्या वाट्याला बहुधा बांधकामावरील मजुरी किंवा हमालीच येते आणि संकट येताच हा आधारही सुटतो. शेतीतील कामकऱ्यांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्क्यांपर्यंत उतरले होते. २०२० च्या टाळेबंदीत लाखो मजूर गावी परतले आणि ते पुन्हा चढले. शहरातील रोजगाराला स्थैर्य लाभत नाही, तोवर ही परतीची वाट बंद होणार नाही.