राखेतले धातू आणि आपले डॉलर

गेल्या वर्षभरात मंडळाच्या कार्यक्रमांत, जेवणाच्या रांगेत म्हणा की पार्किंग लॉटमध्ये म्हणा, दोन विषय हमखास निघतात. एक मुलांचं कॉलेज आणि दुसरा ‘रेअर अर्थ’. चीनने एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, तेव्हापासून आपल्यातले डॉक्टर, इंजिनियर, अकाउंटंट सगळेच या विषयातले जाणकार झाले आहेत. त्याआधी, २०२४ मध्ये, कोळशाच्या राखेत अब्जावधी डॉलरचे धातू पडून असल्याची बातमी येऊन गेली होतीच. आता त्या राखेत पैसे गुंतवा म्हणून सांगणारी पत्रकंही फिरू लागली आहेत.

असंच एक पत्रक आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाकडे आलं. कंपनी खाजगी, शेअर बाजारात नोंद नाही, किमान गुंतवणूक २५ हजार डॉलर. मुलीच्या कॉलेजसाठी साठवलेल्या ५२९ खात्यातून ही रक्कम काढावी का, असं त्यांनी मला विचारलं. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, पण पदवी केमिकल इंजिनियरिंगची. त्यामुळे जुनी पुस्तकं आणि नवे अहवाल घेऊन बसलो. जे समजलं ते आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचं वाटलं, म्हणून हा लेख.

दुर्मिळ मृदा धातू एकूण सतरा. स्कँडियम, यट्रियम आणि लँथनमपासून ल्युटेशियमपर्यंतचे पंधरा. नाव ‘दुर्मिळ’ असलं तरी ते तितके दुर्मिळ नाहीत. सिरियम तर जमिनीत जवळजवळ तांब्याइतका आहे. अडचण अशी की ते एका जागी भरपूर सापडत नाहीत, पिठात मीठ मिसळावं तसे पसरलेले असतात. आपल्या घरात मात्र ते सगळीकडे आहेत. जुन्या रंगीत टीव्हीतला लाल रंग युरोपियमचा होता. इलेक्ट्रिक गाडीच्या मोटारीतलं लोहचुंबक निओडिमियमचं. एमआरआयच्या वेळी शिरेतून जे औषध देतात त्यात गॅडोलिनियम असतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही जणांना पुन्हा अंधुक दिसू लागतं, तेव्हा डॉक्टर ज्या लेझरने पडदा साफ करतात तो यट्रियम आणि निओडिमियमवर चालतो. चीनने परवाना लावलेल्या सातांत गॅडोलिनियम आणि यट्रियम दोन्ही आहेत. तेव्हा हा विषय फक्त क्षेपणास्त्रांचा नाही, आपल्या आईवडिलांच्या डोळ्यांचाही आहे.

आता राखेकडे वळू. कोळसा जळून गेला की त्यातले न जळणारे पदार्थ मागे राहतात आणि तेवढ्या प्रमाणात दाट होतात. टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हिशोब मांडला, की अमेरिकेतल्या कोळशाच्या राखेत एकूण १ कोटी १० लाख टनांपर्यंत दुर्मिळ मृदा धातू असावेत. देशातल्या ज्ञात साठ्याच्या जवळजवळ आठपट! जे प्रत्यक्ष काढता येईल त्याची किंमत त्यांनी सुमारे ८.४ अब्ज डॉलर धरली. पत्रकात हा आकडा ठळक अक्षरांत होता. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र नव्हता, आणि माझ्या मते सगळी गोष्ट त्या दुसऱ्या आकड्यात आहे.

ॲपलाचियाच्या डोंगराळ पट्ट्यातल्या, म्हणजे वेस्ट व्हर्जिनिया, पेन्सिल्वेनिया, केंटकीकडच्या कोळशाची राख घेतली तर तिच्यात किलोमागे सरासरी ४३१ मिलिग्रॅम हे धातू असतात. म्हणजे टनामागे ४३१ ग्रॅम. त्यातले निघतात साधारण ३० टक्के. राहिले १३० ग्रॅम. वायोमिंगकडच्या कोळशाच्या राखेत प्रमाण कमी, टनामागे २६४ ग्रॅम, पण त्यातले ७० टक्के निघतात, म्हणजे १८५ ग्रॅम. कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाणीच्या दगडात टनामागे साधारण ६० ते ८० किलो असतात. किलो, ग्रॅम नव्हे.

पुढे जाऊ. त्या १३० ग्रॅममधला मोठा वाटा सिरियम आणि लँथनमचा, ज्यांना किलोला एक-दोन डॉलर भाव मिळतो. चुंबकाला लागणारे निओडिमियम आणि प्रासिओडिमियम पाचवा हिस्सा धरले तर झाले पंचवीसेक ग्रॅम. किलोला ११० डॉलर असा चढा भाव लावला तरी पावणेतीन डॉलर. डिस्प्रोशियम, टर्बियम महाग आहेत, पण ते इतके थोडे की आणखी काही डॉलरची भर पडेल. स्कँडियमचं नाव पत्रकात फार होतं. तो खरोखर महाग आहे, पण जगभरात त्याला गिऱ्हाइकं मोजकीच. थोडक्यात, एक टन राख उकरायची, वाहून न्यायची, आम्लात घालायची आणि हाती पडणार मोजके डॉलर. नुसतं आम्ल आणि ते नंतर निवळायला लागणारा चुना यांचा खर्च त्याहून सहज जास्त होऊ शकतो.

वायोमिंगची राख सोपी आणि आपल्या बाजूची अवघड, असं का? तिळाची चिक्की डोळ्यांसमोर आणा. पाण्यात टाकली की गूळ विरघळतो आणि तीळ सुटे होतात. वायोमिंगच्या राखेत चुन्याचा अंश जास्त, त्यामुळे ती आम्लात गुळासारखी सुटते. ॲपलाचियाची राख म्हणजे काचेचे बारीक गोळे. तीळ काचेत अडकलेले, त्यामुळे आधी काच फोडायला हवी, आणि त्याला एक तर प्रखर उष्णता लागते किंवा कॉस्टिक सोड्यासारखं जहाल रसायन. बरं, तीळ सुटले तरी काम संपत नाही. सगळे धातू एकत्र निघतात आणि रासायनिकदृष्ट्या ते सख्ख्या भावांसारखे एकमेकांसारखे. एका टप्प्यात अगदी थोडा फरक पडतो, म्हणून तोच टप्पा शेकडो वेळा करावा लागतो. या कामात चीनने काही दशकांत जो हात बसवला, तीच त्यांची खरी ताकद आहे. माती तर सगळ्यांकडेच आहे.

आरोग्याच्या पानावर हे लिहिण्याचं कारण पुढे आहे. धातू काढून घेतल्यावर राखेचं काय होतं? टनातून १३० ग्रॅम गेले, बाकीची राख तिथेच! वर तिला आम्लाचा संस्कार झालेला. तेव्हा “धातू निघतील आणि राखेची तळी आपोआप साफ होतील” हे जे ऐकायला मिळतं, ते या आकड्यांत बसत नाही. साफसफाईचा खर्च कोणाला तरी वेगळा करावाच लागतो.

आणि ती साफसफाई गरजेची आहे. राखेत आर्सेनिक, सेलेनियम, क्रोमियम, शिसं असतं, थोडं युरेनियम आणि थोरियमही. पूर्वी ही राख पाण्यात कालवून, खाली कसलंही अस्तर न घालता, नदीकाठच्या तळ्यांत सोडत. २२ डिसेंबर २००८ च्या मध्यरात्रीनंतर टेनेसीत किंग्स्टन इथल्या वीज केंद्राचा बांध फुटला आणि एक अब्ज गॅलनहून जास्त राखेचा चिखल सुमारे ३०० एकरांवर पसरला. आपण नॉक्सव्हिलहून नॅशव्हिलला जातो तो आय-४० तिथून जवळच आहे. पुढे सफाईच्या कामावरचे अनेक कामगार आजारी पडले. २०१८ मध्ये नॉक्सव्हिलच्या ज्यूरीने ठेकेदार कंपनीने त्यांच्या सुरक्षेत कसूर केल्याचा निर्णय दिला आणि २०२३ मध्ये त्या खटल्यात तडजोड झाली. राख उकरणं हेही जोखमीचं काम आहे, हे राखेतून धातू काढणाऱ्यांनी विसरून चालणार नाही.

आमच्या नॉर्थ कॅरोलिनात फेब्रुवारी २०१४ मध्ये डॅन नदीत सुमारे ३९ हजार टन राख गेली. तळ्याखालून गेलेला जुना पाइप फुटला, एवढंच कारण. त्यानंतर तळ्यांजवळच्या विहिरी तपासल्या गेल्या आणि २०१५ मध्ये अनेक घरांना पाणी पिऊ नका अशी सरकारी पत्रं आली. पुढच्या वर्षी ती मागेही घेतली गेली. पाणी बदललेलं नव्हतं! त्या घरांतल्या लोकांनी काय समजायचं? शार्लटला ज्या माउंटन आयलंड तलावाचं पाणी मिळतं, त्याच्याच काठावर रिव्हरबेंड वीज केंद्राची राखेची तळी होती. ती उपसण्याचं काम २०१९ मध्ये संपलं, आणि २०२० च्या सुरुवातीला राज्यातली आणखी जवळजवळ ८ कोटी टन राख हलवण्याचा करार झाला. त्या वेळी त्यात कोणाला धातू दिसत नव्हते. लोकांनी सभांना जाऊन आग्रह धरला म्हणून ते झालं.

माझं बालपण नागपूरचं. कोराडी-खापरखेड्याकडून वारा आला की गच्चीवरच्या पापडांवर राखेचा पातळ थर बसायचा आणि आई निमूटपणे ते झटकून घ्यायची. आपल्याकडच्या कोळशात ३०-४० टक्के राख. भारतात वर्षाला ३० कोटी टनांहून जास्त राख निघते. तिकडच्या वर्तमानपत्रांतही आता राखेतल्या खजिन्याच्या बातम्या येतात. वडील फोनवर कौतुकाने सांगतात. मला मात्र आधी तो पापड आठवतो.

मग हे सगळं थोतांड आहे का? मुळीच नाही. आपल्यापैकी बरेच जण पिट्सबर्गच्या व्यंकटेश मंदिरात जातात. वाटेत वेस्ट व्हर्जिनियात आणि पुढे पश्चिम पेन्सिल्वेनियात काही ओढ्यांचे दगड गंजल्यासारखे नारिंगी दिसतात. जुन्या कोळसा खाणींतून झिरपणारं हे आम्लयुक्त पाणी. खडकातल्या गंधकाचं हवा-पाण्याने सल्फ्युरिक आम्ल बनतं आणि ते वाटेतल्या खडकांतून धातू विरघळवत येतं. म्हणजे आम्लात भिजवण्याचं जे काम राखेच्या बाबतीत पैसे मोजून करावं लागतं, ते इथे निसर्ग फुकट करून देतो. शिवाय हे पाणी शुद्ध करणं गरजेचंच आहे, आणि त्यातून निघणारा गाळ कुठे तरी टाकावाच लागतो. मॉर्गनटाउनच्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने हे हेरलं. राज्याच्या पर्यावरण खात्याबरोबर त्यांनी २०२२ मध्ये माउंट स्टॉर्म इथे पाणी शुद्ध करता करता हे धातू वेगळे काढण्याचा प्रकल्प उभा केला. २०२३ मध्ये केंद्राच्या ऊर्जा खात्याने त्यांना आणि लिग्नाइट कोळशावर काम करणाऱ्या नॉर्थ डकोटा विद्यापीठाला मोठ्या कारखान्याच्या आराखड्यासाठी मिळून १ कोटी ६० लाख डॉलर दिले. ओढा स्वच्छ होतो हे मुख्य, धातू हा वरचा लाभ. हा क्रम मला पटतो. पण यात आपल्याला विकत घेता येईल असा शेअर नाही, हेही लक्षात घ्या.

शेअरचंच बोलायचं तर मॉलिकॉर्पची कथा आठवावी. माउंटन पास खाण तेव्हा त्यांची. २०१० मध्ये चीनने निर्यात आवळली आणि त्याच जुलैत कंपनी १४ डॉलर भावाने बाजारात आली. २०११ च्या वसंतात भाव सत्तरच्या वर गेला. मग चीनचा माल पुन्हा वाहू लागला, धातूंचे दर कोसळले आणि जून २०१५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. टनामागे ६०-८० किलो देणाऱ्या खाणीची ही गत, तर १३० ग्रॅमवाल्यांनी काय करावं? त्याच खाणीच्या आजच्या मालकांना, एमपी मटेरियल्सला, जुलै २०२५ मध्ये संरक्षण खात्याने ४० कोटी डॉलरचं भांडवल आणि दहा वर्षांसाठी किलोला ११० डॉलर असा किमान भाव बांधून दिला. बाजारभाव तेव्हा त्याच्या जवळपास निम्मा होता. सरकारला पाठीशी उभं राहावं लागतं असा हा धंदा आहे.

त्या कुटुंबाला मी पत्रक पाठवणाऱ्यांना तीनच गोष्टी विचारायला सांगितलं. टनामागे किती ग्रॅम प्रत्यक्ष निघाले आणि ते कोणत्या त्रयस्थ प्रयोगशाळेने मोजले? उरलेली राख आणि आम्लाचं पाणी कुठे जाणार? माल कोण घेणार, आणि कोणत्या भावाला? उत्तरादाखल रंगीत छायाचित्रांचं दुसरं पत्रक आलं. ५२९ मधले पैसे शिक्षणाशिवाय दुसरीकडे वळवले तर नफ्यावर कर आणि वर १० टक्के दंड, हेही मी सांगितलं. पैसे खात्यातच राहिले. अशी पत्रकं आपल्याकडे येतात त्याला कारण आहे. नवरा-बायकोचं मिळून वार्षिक उत्पन्न तीन लाख डॉलरच्या वर असलं, की खाजगी कंपन्यांना आपल्याला शेअर विकायची मुभा मिळते. आपल्यातली बरीच घरं या व्याख्येत बसतात. ‘ॲक्रेडिटेड’ हा शब्द ऐकायला पदवीसारखा वाटतो, पण त्याचा अर्थ इतकाच, की पैसे बुडाले तर तुम्ही ते सोसू शकता असं सरकार मानतं.

राखेचा खरा गिऱ्हाईक सध्या काँक्रीटवाला आहे. शार्लटपासून तासाभराच्या अंतरावर सॉल्सबरीजवळ बक वीज केंद्राच्या जुन्या तळ्यांतली राख उकरून, भाजून ती काँक्रीटसाठी विकतात. राख अशी एकदा जागेवरून हललीच, तर तिच्यातले काही ग्रॅम वेगळे काढणं कदाचित परवडेलही.

ज्यांच्या घरी विहिरीचं पाणी आहे आणि जवळपास जुनं वीज केंद्र आहे, त्यांनी काउंटीच्या आरोग्य खात्याकडून पाण्याची तपासणी करून घ्यावी. आर्सेनिक, क्रोमियम, शिसं, सेलेनियम, बोरॉन यांची नावं घेऊन सांगावं, कारण नेहमीच्या तपासणीत ती सगळी असतीलच असं नाही. २०१५ च्या केंद्रीय नियमानुसार वीज कंपन्यांना आपल्या तळ्यांच्या भूजलाचे अहवाल जाहीर करावे लागतात. ते वाचायला किचकट असतात. कोणाला अडलं तर मी रविवारी मराठी शाळेच्या वेळेत भेटेन. आणि धातूंचं एखादं पत्रक कोणाकडे आलं असेल तर नाव-पत्ता खोडून संपादकांकडे द्यावं, पुढच्या अंकात त्यातल्या ग्रॅमचा हिशोब मांडू.