राजाचं शेवटचं पत्र आणि आपला सातबारा

चुडाव्यातून आम्ही बोलतोय. आज एका जुन्या पुस्तकाची गोष्ट सांगतो. गोष्ट राणीची आहे, पण तिच्यातला प्रश्न आपल्या घरातलाच आहे.

दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचं चरित्र मराठीत लिहिलं. ते 1894 साली छापलं गेलं. राजाने मरताना काय लिहून ठेवलं आणि पुढे राज्य कुणाकडे गेलं, ती हकीकत त्यात आहे.

झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर 1853 च्या नोव्हेंबरात अंथरुणाला खिळले. त्यांचा मुलगा तान्हा असतानाच गेला होता. म्हणून त्यांनी भाऊबंदातला पाच वर्षांचा आनंदराव दत्तक घेतला आणि त्याचं नाव दामोदरराव ठेवलं. इंग्रज अधिकारी मेजर एलिस यांना त्यांनी पत्र दिलं. हा मुलगा माझा वारस आहे आणि माझ्या पत्नीने तिच्या हयातीत कारभार पाहावा, असं त्यात होतं. हे पत्र एका परीने त्यांचं मृत्युपत्रच होतं. 21 नोव्हेंबरला राजे गेले.

कागद होता, दत्तकविधी झाला होता, साहेबाला कळवलंही होतं. तरी 1854 मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने झाशी खालसा केली. दत्तकाला राजाची खासगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळणार नाही, असं त्याचं म्हणणं. राणीने अर्जांवर अर्ज केले, जॉन लँग नावाचा वकील लावला. पण ज्याने राज्य घेतलं, न्यायही तोच करणार होता. मग दाद लागणार कशी?

आज आपल्यासाठी कायदा आहे, कोर्ट आहे. पण बैठकीत बाया विचारतात, "ताई, मालक गेले, आता जमीन कुणाची?" तेव्हा या चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या वाट्यात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा सारखा हिस्सा असतो. लग्न झालेल्या लेकीचाही. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हाच कायदा लागतो. मुस्लिम कुटुंबांचे नियम वेगळे आहेत, ते जाणकाराला विचारावेत.

दुसरी. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं, स्टॅम्प लागत नाही. करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. ज्यांना काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार न केलेलं बरं. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण केली तर पुढची भांडणं कमी होतात. हयातीत मृत्युपत्र बदलता येतं, शेवटचं तेच खरं. आणि वडिलोपार्जित जमिनीत माणूस फक्त आपल्या हिश्शापुरतंच लिहून ठेवू शकतो. राजासारखं शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, धडधाकट असतानाच लिहा.

तिसरी. बँकेच्या पासबुकावर नॉमिनी म्हणून नाव आहे, म्हणजे पैसा त्याचाच झाला असं नाही. नॉमिनीच्या हातात पैसा येतो, पण वारसांचा हक्क उरतोच.

चौथी. माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. मृत्यूचा दाखला जोडा, अर्जाची पोच घ्या. सगळ्या वारसांची नावं लिहा, स्वतःचं आणि लेकीचं नाव गाळू नका. फेरफार मंजूर झाला की सातबारा काढून नाव वाचून पाहा.

आणखी एक. दुःखाच्या दिवसांत कुणी कागद पुढे करतं, "इथं अंगठा लाव, नुसती नोंद आहे." तो हक्कसोडपत्राचा कागद असू शकतो. हक्क सोडायचा की नाही, ही तुमची मर्जी. पण न वाचता, न विचारता सोडू नका. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या पोरीकडून पूर्ण वाचून घ्या आणि घरी नेऊन विचार करा. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बायांना मोफत वकील देतं, मिळकतीची अट नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरचा सातबारा आणावा. सगळ्या मिळून वाचू, कुणाचं नाव आहे आणि कुणाचं नाही ते पाहू.