डिझेलमधील पाणी व इंजिनाची गाळणी

आष्टी तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. येथे विहिरीच्या पाण्याची एक पाळी चुकली तरी पीक हातचे जाते. ऐन वेळी पंपाचे वा ट्रॅक्टरचे इंजिन बंद पडण्याचे एक कारण म्हणजे डिझेलमध्ये मिसळलेले पाणी.

अर्धवट भरलेल्या टाकीतील दमट हवा रात्री थंड होते व बाष्पाचे पाणी होऊन ते डिझेलमध्ये उतरते. इंधनपंपाच्या भागांना वंगण डिझेलचेच मिळते. त्यात पाणी आले की हे भाग झिजतात, गंजतात आणि नोझल बिघडते.

एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम, तर पाण्याचे १,००० ग्रॅम असते. म्हणून पाणी तळाशी बसते. याच तत्त्वावर नौकांच्या इंजिनांना पाणी वेगळे करणारी गाळणी बसवितात. ट्रॅक्टरलाही टाकी व पंप यांच्यामध्ये ती बसविता येते. मात्र तिची क्षमता इंजिनाच्या गरजेहून कमी असू नये. अन्यथा डिझेल अपुरे पडते.

रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी गाळणीच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढावे. कागदी गाळणी धुऊन वापरू नये. मुदतीत बदलावी व नंतर नळीतील हवा काढावी. टाकी सायंकाळीच भरून ठेवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी टाकीच्या तळाचे डिझेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून दाखवावे. सकाळी खाली पाण्याचा थर दिसल्यास शेतकऱ्यांची खात्री पटेल.